काचपट्टीवरून माणसापर्यंत

रोगी आपल्या डॉक्टरला ओळखतो, शस्त्रक्रिया करणाऱ्याला ओळखतो, औषधाच्या दुकानदारालाही ओळखतो. परंतु ज्याच्या एका शब्दावर त्याच्या आयुष्याचा पुढचा मार्ग ठरतो, त्या विकृतिशास्त्रज्ञाला तो बहुधा कधीच पाहत नाही. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतला कामगार असो, की रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात राबणारा मजूर असो, तोंडातला व्रण आठवडे लोटले तरी भरून येत नाही म्हणून तो दवाखान्याची पायरी चढला, की त्या व्रणाचा मसुराएवढा तुकडा काढून तपासणीस पाठविला जातो. पुढचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. या अबोल विद्येला भारतात प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्यांच्याकडे जाते, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. खानदेशाने त्यांचे स्मरण ठेवावे याला खास कारण आहे. त्यांनी जे दाखवून दिले, त्याचा संबंध येथल्या असंख्य खिशांतल्या तंबाखूच्या पुडीशी आणि चुन्याच्या डबीशी आहे.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ साली विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळविली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी या विषयाचे अध्यापन केले. खासगी व्यवसायात पैसा आणि नाव दोन्ही मिळण्याचा तो काळ होता. ज्यात रोग्याचे आभारही वाट्याला येत नाहीत, अशा शास्त्राला त्या काळात जन्म वाहून घेणे, ही साधी गोष्ट नव्हती.

या शास्त्राचे काम वरवर पाहता कारागिरीचे आहे. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून टिकवायचा, अल्कोहोलने त्यातले पाणी काढून घ्यायचे, तो मेणात बसवायचा आणि मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्श्याइतके पातळ काप काढून काचपट्टीवर चढवायचे. मग दोन रंग द्यायचे. हिमॅटॉक्सिलीनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने भोवतालचे पेशीद्रव गुलाबी होते. इतके झाले की, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी शरीराची वस्ती उलगडते. तोंडाच्या आतले निरोगी अस्तर पाहिले, तर तळाशी उभट पेशींची एक रांग, तिच्यावर चपट्या होत जाणाऱ्या पेशींचे थर आणि या सर्वांना खालच्या भागापासून वेगळे करणारा एक नाजूक पडदा, अशी शिस्त दिसते. कर्करोगात ही शिस्त मोडते. केंद्रके फुगतात, गडद आणि वेडीवाकडी होतात, विभाजन पावणाऱ्या पेशी भलत्याच थरात दिसू लागतात; आणि एके ठिकाणी तो पडदा फोडून त्या पेशी खाली उतरतात. बांध फुटला की नाही, एवढ्याच प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळदा सारे अवलंबून असते. ते उत्तर देण्यासाठी आधी हजारो निरोगी काप पाहिलेली नजर लागते. निरोगी ऊतक ज्याला ओळखता येत नाही, त्याला रोगटही ओळखता येत नाही.

रोगाचे मूळ पेशीत शोधावे, हा विचार जर्मनीच्या व्हिर्शो यांनी १८५८ मध्ये मांडला होता. खानोलकरांनी तो आत्मसात केला. पण ते तेथे थांबले नाहीत, यातच त्यांचे वेगळेपण आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. कर्करोग हा सुधारलेल्या पाश्चात्त्यांचा रोग असून भारतात तो विरळाच, असा समज त्या काळी चांगल्या जाणत्यांतही होता. खानोलकरांसमोर येणाऱ्या काचपट्ट्या निराळे सांगत होत्या. रोग येथेही होता. फक्त त्याची शरीरातली ठिकाणे निराळी होती. मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. त्यापाठोपाठ १९४५ मध्ये एका सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात, लोकांच्या सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार त्यांनी जगापुढे ठेवले. धोतराची गाठ वर्षानुवर्षे जेथे काचते, त्या कमरेवरच्या कातडीचा कर्करोग हा एक. चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची आंध्र किनाऱ्यावर जी रीत होती, तिच्यामुळे टाळूला होणारा कर्करोग हा दुसरा. तिसरा खैनीचा, तंबाखू-चुन्याची गोळी खालच्या ओठाआड जेथे ठेवली जाते, नेमका तेथेच होणारा.

या तिन्ही रुग्णांचे काप शेजारी शेजारी ठेवले, तर सूक्ष्मदर्शकाखाली ते जवळजवळ सारखेच दिसतील. पेशी पाहून रोगाचे नाव कळते, त्याचे कारण कळत नाही. ते कळण्यासाठी डोळा भिंगावरून उचलून माणसाकडे पाहावे लागते. हा माणूस काय नेसतो, काय चघळतो, कोणत्या प्रांतातून आला, हे विचारावे लागते. खानोलकरांनी ते विचारले. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक का आणि हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा अधिक का, हा प्रश्नही याच वृत्तीतून आला. मुंबईतल्या निरनिराळ्या जातींच्या आनुवंशिक लक्षणांचा डॉ. संघवी यांच्यासह त्यांनी केलेला अभ्यास १९४९ चा. रोग सवयीतून येत असेल, तर तो टाळताही येईल, हे त्यातून निघणारे अनुमान साऱ्या औषधांपेक्षा मोलाचे होते.

कुष्ठरोगाच्या बाबतीतही त्यांची नजर अशीच उपयोगी पडली. कातडीवरच्या चट्ट्याने समाज ज्याला वाळीत टाकत होता, त्या रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचे काप त्यांनी बारकाईने तपासले. जंतूंची मज्जातंतूंकडे असलेली ओढ त्यांनी ठळकपणे मांडली. बधिरपणा हा रोगाचा शेवट नसून आरंभ आहे, हे ओळखले म्हणजे बोटे झडेपर्यंत वाट पाहण्याचे कारण उरत नाही.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. पुढे १९६६ मध्ये हे केंद्र आणि रुग्णालय मिळून टाटा स्मारक केंद्र उभे राहिले. विकृतिशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष होते, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक होते, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. पद्मभूषण हा किताबही त्यांना लाभला. परंतु या साऱ्या मानांहून मोठी कमाई शिष्यांची. डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि पुढे अमेरिकेत शिकून येऊन जिवंत पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा मुंबईत उभी केली. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकर निवर्तले, तेव्हा त्यांची विद्या अनेक हातांत पोहोचलेली होती.

प्रश्न आहे तो तिचे आपण काय केले, हा. तंबाखू घातलेले पान चघळण्याने कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये दिला. नुसती सुपारीही तशीच घातक, असे २००४ मध्ये सांगितले. महाराष्ट्राने गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घातली. खानोलकरांनी बोट ठेवल्याला तोवर सुमारे सात दशके लोटली होती. आणि बंदी आली तरी चुना-तंबाखू मळणारा तळहात आणि मिश्री लावणारे बोट थांबलेले नाही. गाठीला किंवा व्रणाला शस्त्र लावले की रोग पसरतो, ही भीतीही घराघरांत आहे. तिच्यापायी तुकडा काढून देणे लांबते, आणि पडदा फुटण्यापूर्वी जो रोग पकडता आला असता, तो फुटल्यावर सापडतो. तुकडा काढल्याने रोग बळावत नाही. तो न काढता दवडलेल्या महिन्यांनी बळावतो.

धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तपासणीसाठी मुंबईकडेच डोळे लावून बसावे, अशी स्थिती राहिलेली नाही. मात्र तालुक्याच्या दवाखान्यात तोंड उघडून पाहणारा डॉक्टर, तुकडा वेळेवर पोहोचविणारी व्यवस्था आणि अहवाल पुरता समजावून सांगणारे कोणी, ही साखळी जेथे तुटते, तेथे उत्तमातला उत्तम सूक्ष्मदर्शकही निरुपयोगी ठरतो. तुकड्यासोबत जाणाऱ्या कागदावर रोग्याचे वय आणि व्रणाची जागा लिहिली जाते. तो काय चघळतो, किती वर्षे चघळतो आणि गालफडात कोणत्या बाजूला ठेवतो, हेही प्रत्येक वेळी लिहिले जावे. खर्च काही नाही. दोन ओळींची शाई पुरते. खानोलकरांची परंपरा चालविणे म्हणजे याहून फार वेगळे काही नाही.