घनसावंगीला निघालेल्या आपल्या युवकांसाठी : संत फ्रान्सिस दि सेल्स



येत्या मे महिन्यात आपल्या युवा संघाची मुले-मुली उन्हाळी मिशन शिबिरासाठी जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जाणार आहेत, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे त्या सुमारास गावी परतलेली असतात. कापसाची शेते रिकामी असतात, मोसंबीच्या बागा पाण्यासाठी आसुसलेल्या असतात आणि ऊन चाळिशीच्या वर गेलेले असते. अशा दिवसांत आपली मुले वस्त्या-वस्त्यांवर विखुरलेल्या आपल्या घरांना भेटी देतील, लहान मुलांचे वर्ग घेतील, आजारी माणसांजवळ बसतील.

गेल्या वर्षीच्या शिबिराबद्दल धर्मग्रामात थोडी कुजबुज झाली, ती आमच्याही कानावर आली आहे. एका वस्तीवर पहिले दोन दिवस आपल्या मुलांशी कोणी धड बोलले नाही. आपल्याच एका घराने दार लोटून घेतले. मुले हिरमुसली. परत आल्यावर काही पालकांनी विचारले, एवढा खर्च करून, एवढे ऊन सोसून काय मिळाले? प्रश्न रास्त आहे. तो झटकून टाकण्यासारखा नाही. म्हणून या रविवारी आम्ही आपल्यासमोर एका संताचे जीवन ठेवत आहोत. त्यांचे नाव आपल्या तोंडी नेहमी असते, पण त्यांच्या तरुणपणीच्या चार वर्षांची हकिगत आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. ते संत म्हणजे संत फ्रान्सिस दि सेल्स.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सव्हॉय या प्रांतातील थोरेन येथे एका सरदार घराण्यात झाला. हा प्रदेश आज फ्रान्समध्ये आहे. भावंडांत ते थोरले. त्यांनी मोठा वकील व्हावे, दरबारात मानाची जागा मिळवावी आणि घराण्याचे नाव पुढे चालवावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी त्यांना पॅरिसला येशूसंघीयांच्या महाविद्यालयात पाठवण्यात आले.

पॅरिसमध्ये, एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी, या हुशार मुलावर एक मोठे संकट आले. देवाने कोणाला तारायचे आणि कोणाला नाही हे आधीच ठरवून ठेवले आहे की काय, या त्या काळच्या वादाने त्यांच्या मनात घर केले. आपण नाकारलेल्यांपैकीच आहोत, अशी भीती त्यांना वाटू लागली. अन्न जाईना, झोप येईना. कित्येक आठवडे ही अवस्था टिकली. शेवटी एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्यांनी स्वतःला देवाच्या स्वाधीन केले. पुढे काहीही होवो, या जन्मात तरी आपण देवावर प्रेम करू, असे त्यांनी ठरवले आणि ते ओझे उतरले. आज आपल्या घरांतली किती तरी मुले परीक्षेच्या, नोकरीच्या, भविष्याच्या भीतीने आतल्या आत खचत असतात. आपल्या या संतालाही ती रात्र ठाऊक होती, हे त्यांना सांगायला हवे.

पुढे इटलीतील पादुआ विद्यापीठात त्यांनी १५९१ साली कायद्याची डॉक्टर ही पदवी मिळवली. वडिलांनी सिनेटरची जागा पाहून ठेवली होती, स्थळही पाहिले होते. मुलाने मात्र आपल्याला धर्मगुरू व्हायचे आहे असे सांगितले. वडिलांना समजावणे सोपे नव्हते. अखेर परवानगी मिळाली आणि १८ डिसेंबर १५९३ रोजी आन्सी येथे फ्रान्सिस यांना गुरुदीक्षा मिळाली. जिनिव्हा शहर कॅल्व्हिनपंथीय झाल्यापासून तेथील कॅथलिक बिशप आन्सीला राहत असत.

जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेला शाब्ले नावाचा प्रदेश आहे. साठ वर्षांत त्याने अनेकदा राज्यकर्ते बदललेले पाहिले होते आणि राज्यकर्त्यांबरोबर धर्मही. लढायांनी गावे उद्ध्वस्त झाली होती, चर्चच्या भिंती पडल्या होत्या. लोक आता बहुतेक प्रॉटेस्टंट होते. तेथे जाण्यास कोण तयार आहे असे बिशपांनी विचारले, तेव्हा दीक्षा घेऊन वर्षही न झालेल्या फ्रान्सिस यांनी होकार दिला. वडिलांनी पुष्कळ विरोध केला. मुलाला मरणाच्या दारात पाठवू नका, अशी विनवणी त्यांनी बिशपांना केली आणि शेवटी मदत करायचेही नाकारले. १४ सप्टेंबर १५९४ रोजी, पवित्र क्रुसाच्या सणाच्या दिवशी, सत्तावीस वर्षांचे फ्रान्सिस आणि त्यांचे चुलतभाऊ लुई दोघेच पायी निघाले.

रात्री ते अलांजच्या किल्ल्यात मुक्काम करीत आणि दिवसा काही मैल चालून थोनों या गावी जात. थोनोंमध्ये कॅथलिक माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. फ्रान्सिस प्रवचन देत तेव्हा ऐकायला तेवढीच माणसे असत. बाकीच्यांना येण्याची मनाई होती किंवा शेजाऱ्यांची भीती होती. दारे बंद होत, शिव्या मिळत, जिवावर बेतणारे प्रसंगही आले. चरित्रकार सांगतात, एका थंडीच्या रात्री लांडग्यांच्या भीतीने त्यांना झाडावर चढून फांदीला स्वतःला बांधून घेऊन बसावे लागले. द्रांस नदीवरचा पूल मोडलेला असताना पलीकडे मिस्सा अर्पण करण्यासाठी ते बर्फाने गुळगुळीत झालेल्या तुळईवरून सरपटत गेले, अशीही आठवण सांगितली जाते.

एक हिवाळा गेला. हाती फारसे काही लागले नाही. आपल्या मुलांना दोन दिवस कठीण गेले. फ्रान्सिस यांना किती महिने कठीण गेले असतील, याचा विचार करावा.

पण त्यांनी लोकांना दोष दिला नाही. लोक ऐकायला येत नाहीत तर आपणच त्यांच्या दारी जावे, असे त्यांनी ठरवले. श्रद्धेची एकेक गोष्ट सोप्या भाषेत मांडणारी लहान पत्रके ते तयार करू लागले. ती दारांच्या फटींतून घरात सरकवली जात, चौकात लावली जात. उघडपणे प्रवचनाला येण्यास घाबरणारा माणूस दिवा लावून घरी ते पान वाचू शकत होता. त्यांच्या मरणानंतर ती पत्रके ग्रंथरूपाने छापली गेली. याच कामामुळे पोप पायस अकरावे यांनी १९२३ साली त्यांना पत्रकारांचे आणि लेखकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. आपल्या हातातली ही रविवारची छोटी पत्रिकासुद्धा, एका अर्थाने, त्या पत्रकांचीच नात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचे बोलणे. फ्रान्सिस स्वभावाने मुळात शांत नव्हते. राग त्यांना चटकन येई आणि त्याला आवर घालण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे मेहनत घेतली. जिनिव्हाला जाऊन कॅल्व्हिन यांचे वयोवृद्ध वारसदार थिओडोर बेझा यांना ते १५९७ साली भेटले. बेझा यांनी आपले मत बदलले नाही. फ्रान्सिस यांनीही भेटीतली नम्रता सोडली नाही. ज्याचे मत पटत नाही त्याच्याही घरी आदराने बसता येते, हे त्यांनी दाखवले.

हळूहळू लोक येऊ लागले. १५९६ च्या नाताळात थोनोंच्या चर्चमध्ये पुन्हा मिस्सा झाली. १५९८ साली चाळीस तासांची पवित्र साक्रामेंताची आराधना झाली, तेव्हा मोठ्या संख्येने लोक कॅथलिक श्रद्धेत परतले.

येथे आम्हांला एक गोष्ट लपवायची नाही. त्या शेवटच्या पर्वात ड्यूक चार्ल्स इमॅन्युएल स्वतः थोनोंला आले. राजाची इच्छा काय आहे हे लोकांना स्पष्ट दिसत होते आणि न मानणाऱ्यांना प्रदेश सोडण्याचे हुकूम निघाले. फ्रान्सिस यांनीही काही बाबतीत राजसत्तेचे साहाय्य मागितले होते. तो काळच असा होता की दोन्ही बाजूंना राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म असे वाटे. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धार्मिक स्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात शिकवले की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही कोणतीही सक्ती होता कामा नये. म्हणून फ्रान्सिस यांच्याकडून आपण घ्यायचे ते पायी चालणे, सोपे लिहिणे आणि गोड बोलणे. ड्यूकचे सैनिक घ्यायचे नाहीत. आमिष, दबाव, धाक यांचा वाराही आपल्या शिबिराला लागता कामा नये.

फ्रान्सिस ८ डिसेंबर १६०२ रोजी बिशप झाले. बिशप झाल्यावरही ते डोंगरातल्या खेड्यांना भेटी देत, मुलांना स्वतः धर्मशिक्षण देत. एका मूकबधिर तरुणाला त्यांनी हातवाऱ्यांनी श्रद्धेची ओळख करून दिली. त्यामुळे मूकबधिर बांधव त्यांना आपला संत मानतात. १६१० साली संत जेन द शांताल यांच्याबरोबर त्यांनी भेटीच्या मरियेचा धर्मभगिनी संघ स्थापन केला. प्रापंचिक माणसांसाठी त्यांनी भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला. संसारी बाईला, व्यापाऱ्याला, शिपायाला आपापल्या कामात राहूनच पवित्र होता येते, हे त्यात त्यांनी मांडले. त्या काळी ही गोष्ट अनेकांना नवी वाटली. देवावरील प्रेमाविषयीचा त्यांचा मोठा ग्रंथ १६१६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी इकडे गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले. आणि आपली मुले ज्या तालुक्यात जाणार आहेत, त्याच तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला होता. देवाविषयी लोकांच्या बोलीत बोलणारी माणसे त्या पिढीत किती ठिकाणी होती, हे पाहून नवल वाटते. जांबला आपली मुले गेली तर तेथे त्यांनी पाहुण्यासारखे नम्रपणे जावे.

२८ डिसेंबर १६२२ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, लिऑन शहरात फ्रान्सिस यांनी देह ठेवला. प्रवासात राहायला त्यांनी धर्मभगिनींच्या मठातील माळ्याची साधी खोली निवडली होती. १६६५ साली त्यांना संतपद देण्यात आले आणि १८७७ साली ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून त्यांचा गौरव झाला. त्यांचा सण आपण २४ जानेवारीला साजरा करतो. संत जॉन बोस्को यांनी आपल्या संघाला त्यांचेच नाव दिले.

आता आपल्या जवळची गोष्ट. १८३८ साली सव्हॉयमध्येच फादर पीटर मेर्मिए यांनी संत फ्रान्सिस दि सेल्स यांचा मिशनरी संघ स्थापन केला. त्या संघाचे धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले, तेथून नागपूरकडे आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठवाड्यातील घोगरगावच्या परिसरात पोहोचले. थंड डोंगरातली ही माणसे आपल्या उन्हात राहिली, मराठी शिकली. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला तो त्यांनी व त्यांच्यानंतरच्या अनेकांनी नांगरलेल्या जमिनीवर. म्हणजे थोनोंच्या वाटेवरचे ते पाऊल फिरत फिरत आपल्या मराठवाड्यापर्यंत आले आहे.

तेव्हा गेल्या वर्षी काय मिळाले, या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. त्या वस्तीवर तिसऱ्या दिवशी एका आजीबाईंनी मुलांना पाणी दिले आणि ओट्यावर बसा म्हणाल्या. एवढेच मिळाले. फ्रान्सिस यांना पहिल्या हिवाळ्यात याहून फार अधिक मिळाले नव्हते. दार लोटून घेणाऱ्या त्या घराचीही काही कारणे असतील. वर्षातले काही दिवस येऊन निघून जाणाऱ्यांवर कोणी लगेच का विश्वास ठेवावा? म्हणून या वर्षी मुलांनी पुन्हा त्याच वस्तीवर जावे, अशी आमची विनंती आहे. नवे गाव शोधू नये. त्या आजीबाईंचे नाव लक्षात ठेवून जावे.

आणि पालकांनो, फ्रान्सिस यांच्या वडिलांची काळजी आम्ही समजू शकतो. ते वाईट वडील नव्हते, घाबरलेले वडील होते. मुलांबरोबर दोन वडीलधारी माणसे, पाण्याची सोय आणि औषधांची पेटी असेल याची जबाबदारी धर्मग्रामाने घ्यावी. बाकीची काळजी आपण प्रार्थनेत देवाकडे सोपवू या.

हे प्रभू येशू, तुझा सेवक संत फ्रान्सिस याला तू रागावर ताबा आणि वाणीला गोडवा दिलास. आमच्या मुलांना उन्हात चालण्याचे बळ दे, बंद दारापुढे धीर दे आणि उघडलेल्या दारात नम्रता दे. आमेन.