दामोदर कोसंबी : संदर्भगणनेत न मावणारा संशोधक

संशोधकाचे कर्तृत्व त्याच्या लेखांना मिळालेल्या संदर्भांच्या संख्येवरून व सहलेखकांच्या विस्तारावरून मोजण्याची पद्धत यूजीन गारफिल्ड यांच्या 1964च्या विज्ञान-संदर्भसूचीनंतर रूढ झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 29 जून 1966 रोजी, दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात निवर्तले. या मोजपट्टीचा कस पाहण्यासाठी त्यांच्या चरित्राइतके सोयीचे चरित्र मराठी भाषकांत क्वचितच सापडेल.

31 जुलै 1907 रोजी गोव्यात जन्मलेले दामोदर हे बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र. 1929मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले. काशी व अलीगढ येथे अल्पकाळ अध्यापन करून 1933मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. या आरंभकाळातच, आंद्रे व्हेय या मित्राच्या सूचनेवरून, त्यांनी एका टिपणात बूर्बाकी नामक काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या सिद्धान्ताचा हवाला दिला. पुढे फ्रान्समधील गणितज्ञांच्या गटाने हेच नाव धारण केले आणि ते जगद्विख्यात झाले. संदर्भ ही गोष्ट किती निर्मळ असते, याविषयी एवढे उदाहरण पुरे.

1943च्या लेखात कोसंबींनी यादृच्छिक फलनांच्या विघटनाची जी रीत मांडली, ती आज कार्हुनेन व लोएव यांच्या नावाने ओळखली जाते. दोघांचे लेखन नंतरचे. परंतु भारतीय नियतकालिकातील लेख फारसा वाचला गेला नाही. याउलट, 1944मध्ये प्रसिद्ध झालेले जनुकीय अंतर मोजण्याचे त्यांचे सूत्र त्यांच्याच नावाने रूढ झाले. दिंद्रुडच्या शिवारात उभ्या राहणाऱ्या ज्वारीचे जनुकीय नकाशे करणारे संशोधकही ते वापरतात. मात्र सूत्राला नाव असले की मूळ लेखाचा निर्देश पुष्कळदा गळतो. अतिपरिचयाने संदर्भ नाहीसा व्हावा, ही संदर्भगणनेची अंगभूत उणीव होय.

साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचे कार्य म्हणजे भर्तृहरीच्या सुभाषितांची 1948ची चिकित्सक आवृत्ती. शेकडो हस्तलिखितांतील पाठांची तुलना करून प्रक्षिप्त श्लोक वेगळे काढताना कोसंबींची गणिती शिस्त पदोपदी जाणवते. आहत नाण्यांच्या वजनांवरून त्यांच्या चलनकाळाचा अंदाज बांधण्यातही तीच शिस्त होती. सहलेखन त्यांनी फार थोडे केले. विद्याकराच्या सुभाषितरत्नकोशाची 1957ची आवृत्ती वा. वि. गोखले यांच्यासह सिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेतील वर्गीय भूमिकेशी डॅनिएल इंगल्स यांचा तीव्र मतभेद होता, तरी त्यांनी 1965मध्ये त्याच संहितेचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. असा मतभेद आकड्यात केवळ एक संदर्भ म्हणून जमा होतो.

मोजणीची दुसरी बाजूही लपविण्याचे कारण नाही. रीमानच्या गृहीतकाची सिद्धता दिल्याचा त्यांचा 1959चा दावा टिकला नाही, आणि गणितवर्तुळात त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. 1962मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार वाढविला नाही. परंतु 1956च्या भारतीय इतिहासाच्या परिचयग्रंथाने इतिहासलेखनाची दिशाच बदलली होती, आणि त्याच 1962 साली ‘मिथ अँड रिअॅलिटी’ प्रकाशित झाले. पुण्याच्या परिसरातील लोकदैवतांचा, डोंगरवाटांचा व लेण्यांचा पायी फिरून केलेला तो शोध होता; त्यातील वाटाड्ये धनगर, गुराखी व खेडूत स्त्रिया होत्या. त्यांचे नाव कोणत्याही सहलेखन-सूचीत येत नाही.