मॉरिस फ्रँक आणि त्याची बडी

आपल्या मेसच्या मागे उष्ट्या पोळ्यांवर वाढलेली कुत्री आपण रोज बघतो. सबमिशनच्या रात्री बारा वाजता चहाला बाहेर पडलो की त्यातलं एखादं शेपूट हलवत गेटपर्यंत सोबतही येतं. पण मित्रांनो, त्याच कुत्र्याच्या भरवशावर डोळे बंद करून समोरचा हायवे ओलांडा असं कुणी सांगितलं, तर आपल्यापैकी किती जण तयार होतील? १९२८ साली एका वीस वर्षांच्या कॉलेजच्या पोरानं हे करून दाखवलं. त्याच्या बाबतीत डोळे बंद करायचा प्रश्नच नव्हता. त्याला दिसतच नव्हतं. त्याचं नाव मॉरिस फ्रँक.

मॉरिसचा जन्म २३ मार्च १९०८ चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचा. सहा वर्षांचा असताना घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागली आणि एक डोळा गेला. सोळाव्या वर्षी बॉक्सिंग खेळताना दुसराही गेला. योगायोग असा की त्याची आईसुद्धा अंधच होती. पण हा गडी घरात बसला नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकायला लागला आणि जोडीला विमा विकायला लागला. हात धरून न्यायला त्यानं पगारी मुलगा ठेवला होता. हा मुलगा कंटाळायचा, कधी कधी मॉरिसला तिथंच सोडून निघून जायचा. म्हणजे डोकं शाबूत, पाय शाबूत, कमवायची धमक आहे, पण घराबाहेर पडायचं तर दुसऱ्याच्या मर्जीनं. मॉरिसला सलत होतं ते हेच. तो जात नव्हता, त्याला नेलं जात होतं.

नोव्हेंबर १९२७ मध्ये त्याच्या वडिलांनी त्याला सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट या साप्ताहिकातला एक लेख वाचून दाखवला. लेखिका होत्या डोरोथी हॅरिसन युस्टिस. या मूळच्या फिलाडेल्फियाच्या बाई स्वित्झर्लंडमध्ये व्हेवे गावाजवळच्या डोंगरावर राहून जर्मन शेफर्ड कुत्री पैदा करत आणि पोलिसांसाठी, लष्करासाठी तयार करत. पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत वाटाडी कुत्री तयार केली जात होती. पॉट्सडॅमची अशी शाळा बाई बघून आल्या आणि त्यांनी त्यावर लेख लिहिला. मॉरिसनं लगेच पत्र पाठवलं : मला असा कुत्रा मिळवून द्या, मी परत येऊन इथल्या बाकीच्या अंधांसाठी हे काम उभं करीन. बाई स्वतः अंधांसाठी कुत्री तयार करत नव्हत्या. तरी त्यांनी त्याला बोलावून घेतलं, आणि त्यांचे मुख्य प्रशिक्षक जॅक हम्फ्री यांनी ती पद्धत शिकून घेतली.

एप्रिल १९२८ मध्ये मॉरिस बोटीनं निघाला. एकट्या अंध प्रवाशाची जबाबदारी घेणार कोण? मग त्याला चक्क पार्सलसारखं पाठवण्यात आलं. केबिनला बाहेरून कुलूप, आणि ठरलेल्या वेळी डेकवर फिरवून आणायला माणूस!

स्वित्झर्लंडमध्ये त्याला एक जर्मन शेफर्ड कुत्री मिळाली. तिचं नाव होतं किस. भर रस्त्यात हे नाव हाकारायची लाज वाटून मॉरिसनं ते बदलून बडी केलं. बडी म्हणजे दोस्त.

आता थोडं या ट्रेनिंगबद्दल, कारण आपल्याला वाटतं तसं ते नाही. कुत्रा माणसाला घेऊन जात नाही. रस्ता माणसाच्या डोक्यात असतो. पुढे, डावीकडे, उजवीकडे हे हुकूम तो देतो. सिग्नलचे रंग बघून कुत्रा ठरवत नाही, गाड्यांच्या आवाजाचा अंदाज माणसानंच घ्यायचा. कुत्र्याच्या अंगावरच्या पट्ट्याला एक ताठ दांडा असतो. त्यातून तिचं थांबणं, वळणं हाताला कळतं. फूटपाथची कड आली की ती थांबते. स्वतः आरामात खालून जाईल अशी फांदी वर असेल तरी ती मालकाला वळसा घालून नेते. कुत्र्याला स्वतःच्या उंचीपेक्षा माणसाच्या उंचीचा विचार करायला शिकवणं, हे सगळ्यात अवघड कामांपैकी एक. ज्याचा पहिला डोळा फांदीनंच घेतला, त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि शेवटचा धडा म्हणजे हुकूम मोडणे. मालक पुढे म्हणाला आणि समोरून गाडी येत असेल, तर कुत्र्यानं जागचं हलायचं नाही. आम्हा इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांच्या भाषेत हा सेफ्टी इंटरलॉक. ऑपरेटरनं बटण दाबलं तरी धोका असेल तर मशीन चालू होत नाही, तसं. फक्त हे जिवंत, आणि प्रेमानं चालणारं.

तिथेच एकदा मॉरिसला केस कापायचे होते. न्हाव्याकडे कोण नेणार, असं त्यानं विचारलं, तेव्हा बडीला घेऊन तूच जा, असं त्याला सांगण्यात आलं. तो गेला, केस कापून घेतले आणि परत आला. आपल्यासाठी रविवारचं साधं काम, पण त्या दिवशी त्याला हसू आवरेना.

११ जून १९२८ ला तो न्यूयॉर्कला उतरला. बंदराजवळची वेस्ट स्ट्रीट म्हणजे रुंद आणि गाड्यांनी भरलेली. वार्ताहरांनी आव्हान दिलं, हा ओलांडून दाखव. मॉरिसनं बडीला पुढे म्हटलं. मध्येच त्याला दिशेचं भानच राहिलं नाही. त्यानं स्वतःला पूर्णपणे तिच्यावर सोपवलं. काही मिनिटांनी दोघं पलीकडच्या फूटपाथवर होती. युस्टिस बाईंना त्यानं एका शब्दाची तार केली : यशस्वी.

दिलेला शब्द त्यानं पाळला. २९ जानेवारी १९२९ ला नॅशव्हिलमध्ये बाईंच्या मदतीनं द सीइंग आय ही संस्था सुरू झाली. पुढे ती न्यू जर्सीत गेली. पण कुत्रा तयार झाला तरी दारं बंदच होती. रेल्वेत बडीला सामानाच्या डब्यात टाकत, हॉटेलवाले आत घेत नसत. मॉरिस गावोगाव हिंडला, बोलला, भांडला. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी अशा कुत्र्यांना मालकाजवळ बसू दिलं, आणि १९५६ पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांत तसे कायदे झाले. संस्थेनं कुत्रा फुकटही दिला नाही. पहिल्या कुत्र्याला १५० डॉलर ही फी अनेक दशकं तीच राहिली. खर्चाच्या मानानं ती नगण्य, पण घेणाऱ्याला भीक घेतल्यासारखं वाटू नये म्हणून.

१९४२ पासून संस्थेची पिल्लं ग्रामीण मुलांच्या फोर-एच क्लबमधल्या घरांत वाढू लागली. दोनेक महिन्यांचं पिल्लू घरी येतं. शी-शू कुठे करायची, बस ठाव म्हटलं की बसायचं, दुकानातल्या गर्दीला आणि गाड्यांच्या आवाजाला बुजायचं नाही, हे ती मुलं त्याला शिकवतात. वर्षभरानं, अगदी लळा लागल्यावर, पिल्लू परत द्यायचं. मग काही महिन्यांचं खरं ट्रेनिंग, आणि नंतर त्याचा मालक. ज्याला आपण वाढवलं त्यानं दुसऱ्याचे डोळे व्हायचं, आणि आपण दुसरं पिल्लू आणायचं.

बडी मे १९३८ मध्ये गेली. त्यानंतरच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव मॉरिसनं बडीच ठेवलं. १९५६ मध्ये संस्था सोडून तो पुन्हा स्वतःच्या विम्याच्या धंद्याला लागला. २२ नोव्हेंबर १९८० ला तो वारला. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनमध्ये २००५ साली दोघांचा पुतळा बसवला. त्यात कुत्री शेजारी आहे, पण हात पुढे करून दिशा दाखवतोय तो मॉरिस.

कधी रस्त्यात एखादी अंध व्यक्ती दिसली तर आपण पटकन हात धरून ओढायला लागतो. त्याआधी एवढंच विचारूया, तुम्हाला कुठं जायचंय?