देवळालीचे कापरेकर

बोरीवलीहून लोहमार्गाने उत्तरेस निघाले, की वसई आणि पालघर मागे टाकून गाडी डहाणूस पोहोचते. समुद्राकाठच्या या गावी १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद असे. ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच. तिची गोडी मुलाला लागली, ती कायमची. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना गणितातील स्वतंत्र लेखनाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि १९३० साली नाशिकजवळच्या देवळालीस शिक्षक झाले.

संख्यांकडे ते जिवलगांप्रमाणे पाहत. एखादी संख्या घ्यावी व तिच्यातच तिच्या अंकांची बेरीज मिळवावी. २१ मध्ये २ व १ मिळवले की २४ येतात. म्हणजे २१ ही २४ ची जनक झाली. मग जिला जनकच नाही अशी संख्या असेल काय? कापरेकरांनी अशा संख्या शोधल्या व त्यांना स्वयंभू म्हटले.

१, ३, ५, ७ आणि ९ या स्वयंभू होत. याचे कारण सोपे आहे. एक-अंकी संख्येत तिचाच अंक मिळवला की तिची दुप्पट होते, आणि दुप्पट नेहमी समच असते. १० पासून पुढील संख्या घ्याव्यात, तर उत्तर ११ च्या खाली येत नाही. मग या पाच विषम संख्यांना जनक मिळणार कोठून?

आता मूळ संख्या पाहू. २ ही एकच सम मूळ संख्या; बाकीच्या सर्व विषम. २ ला १ हा जनक आहे, म्हणून ती स्वयंभू नाही. १०० च्या आत मूळ असून स्वयंभूही असणाऱ्या संख्या सहाच आहेत : ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७.

१९४९ साली त्यांना ६१७४ चे गुपित सापडले. सर्व अंक सारखे नसलेली चार-अंकी संख्या घेऊन, तिच्या अंकांच्या मोठ्यात मोठ्या मांडणीतून लहानात लहान मांडणी वजा करीत गेले, की सात पायऱ्यांच्या आत ६१७४ हाती येतात.

तरीही, मोठी पदवी नसलेल्या या शाळामास्तरांच्या शोधांना अनेक विद्वानांनी पोरखेळ मानले. कापरेकर खचले नाहीत. तुटपुंज्या पगारातून ते पुस्तिका छापीत व पदरच्या खर्चाने परिषदांना जात. १९६२ साली निवृत्त झाल्यावरही हा व्यासंग सुटला नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्या संख्यांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते निवर्तले.

मान मिळेल की नाही याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. आज ६१७४ ही संख्या कापरेकरांचा स्थिरांक म्हणूनच ओळखली जाते.