तारेच्या साहेबाची पहिली कामगिरी

आमच्या पिंपळगाव बसवंतवरून मुंबई-आग्रा रस्ता जातो. ज्यांच्या देखरेखीखाली तारायंत्राने मुंबई आग्र्याशी जोडली गेली, ते साहेब म्हणजे विल्यम ब्रुक ओशॉनेसी. इतिहासात त्यांची ओळख बहुधा एवढीच. मला मात्र ते आठवतात, जुलाबाने मलूल झालेल्या लेकराला सलाईन लावलेले पाहिले की.

त्यांचा जन्म १८०९ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. एडिंबरोला ते डॉक्टर झाले. १८३१ मध्ये इंग्लंडच्या संडरलँड बंदरात पटकी शिरली. आपल्याकडे लोक मरीआईला साकडे घालीत. तिकडे डॉक्टर रोग्याचे रक्त काढीत! २२ वर्षांच्या ओशॉनेसींनी ते रक्त तपासले. त्यातले पाणी, मीठ आणि क्षार घटले होते. जे गेले ते परत द्यावे, प्रसंगी शिरेतून द्यावे, असे त्यांनी सांगितले.

१८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथच्या डॉ. थॉमस लाटांनी ते करून पाहिले. मरणाच्या दारातले काही रोगी सावरले. पण पाणी निर्जंतुक नसे, जुलाब चालू असतानाच ते थांबवले जाई, आणि बरेच रोगी पुन्हा ढासळत. उपाय मागे पडला. लाटा १८३३ मध्ये वारले. ओशॉनेसी त्याच वर्षी कलकत्त्यास आले. तेथे रसायनशास्त्र शिकवले, पुढे तारखाते उभारले. १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेने जोडली गेली. १८५६ मध्ये ते ‘सर’ झाले, १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये निवर्तले. सलाईनचे दिवस आले ते विसाव्या शतकात.

आज जुलाबाने अत्यवस्थ झालेल्या, वर्षावरच्या दहा किलोच्या मुलाला ३०० मिलिलिटर द्रव अर्ध्या तासात आणि ७०० पुढच्या अडीच तासांत देतात. तान्ह्यांना याहून सावकाश. मधूनमधून नाडी पाहावी लागते. हे माप महत्त्वाचे. २०११ साली आफ्रिकेतील एका मोठ्या पाहणीत आढळले, की तापाच्या आजाराने शॉकमध्ये गेलेल्या मुलांना भराभर सलाईन दिल्यास शेकडा सुमारे ७ ऐवजी १० दगावली.

म्हणून आयाबायांनो, अशक्तपणासाठी बाटली लावण्याचा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका. जुलाब सुरू होताच मीठ-साखरेचे तयार पुडीचे पाणी घोटघोट पाजा. पण हातपाय गार पडले, मूल गुंगीत गेले, लघवी बंद झाली, तर क्षणभरही थांबू नका. थेट दवाखाना गाठा. गेलेले पाणी वेळेवर आणि मोजून परत देणे, यातच लेकराचा जीव आहे.