काउंटरपलीकडचा हॅरी

इंग्लंडातल्या पबमध्ये काउंटरमागच्या माणसाचं मुख्य काम बिअर ओतून देण्याचं. अमेरिकेत मात्र तो कारागीरच. बर्फ, लिंबू, साखर आणि दोन-तीन मद्यं मापून गिऱ्हाइकासमोर कॉकटेल जमवायचं.

हॅरी क्रॅडॉक हा जन्मानं इंग्रज. 1897 मध्ये तो अमेरिकेला गेला, हॉटेलांतून हे कसब शिकला आणि तिथला नागरिकही झाला. पण 1920 मध्ये दारूबंदी आली. काल ज्या कामाचा पगार मिळत होता, तेच काम आज गुन्हा ठरलं. हॅरी मायदेशी परतला आणि लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या ‘अमेरिकन बार’मध्ये लागला. अमेरिकेत काउंटरमागे बहुतेक पुरुषच असत. इथं प्रमुख होत्या ॲडा कोलमन. त्यांच्यानंतर ती जागा हॅरीकडे आली. 1930 मध्ये त्याचं ‘द सॅव्हॉय कॉकटेल बुक’ निघालं. अमेरिकेत बंदी अजून उठायची होती आणि तिथली विद्या लंडनमध्ये छापली जात होती!

1963 मध्ये हॅरी गेला तो गरिबीत. त्याचं पुस्तक मात्र आजही देशोदेशीचे बारमन उघडतात, मापं पाहतात आणि कामाला लागतात.