चारशे रुपयांत फौज कशी उभी राहणार? कारकून वासुदेव बळवंत फडके यांचा न जमलेला हिशेब

पनवेल : मुंबई-गोवा रस्त्याने पनवेल सोडलं की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसायच्या आत शिरढोण गाव लागतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे गाव. जन्म 4 नोव्हेंबर 1845. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. 1818 मध्ये पेशवाई गेली तसा तो किल्लाही इंग्रजांच्या ताब्यात गेला. पोर मोठं झालं ते आजोबांच्या तोंडून लढाईच्या गोष्टी ऐकत.

फडक्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत मेट्रो सिनेमाजवळच्या चौकाला त्यांचं नाव आहे, मुलुंड पूर्वेला रस्ता आहे, 1984 मध्ये टपाल तिकीटही निघालं. पण हा माणूस पेशाने लष्कराच्या हिशेब खात्यातला कारकून होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्यांचं बंड कशाला अडलं हे समजून घ्यायचं तर आधी तीच गोष्ट बघावी लागते.

शिक्षण कल्याण-मुंबईत झालं. थोडे दिवस रेल्वेत नोकरी केली आणि मग पुण्यात कमिसरिएट म्हणजे लष्कराला रसद पुरवणाऱ्या खात्याच्या हिशेब कचेरीत लागले. तिथं सुमारे पंधरा वर्षं काढली. पलटणीला धान्य किती, बैल किती, घोड्याला चंदी किती आणि त्या सगळ्याला पैसा किती, हेच कागद रोज डोळ्यांखालून जायचे. फौज म्हणजे नुसती शूर माणसं नव्हेत, फौज म्हणजे दर महिन्याचा खर्च, हे त्यांच्याइतकं त्या काळच्या बंडखोरांमध्ये क्वचितच कोणाला कळत असेल.

1870 मध्ये आई आजारी पडल्याचा निरोप आला. रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धालाही रजा नाकारली. हा घाव त्यांना शेवटपर्यंत विसरता आला नाही. पण बंडाचं कारण एवढंच नव्हतं. न्यायमूर्ती रानडे पुण्यात देशाचा पैसा बाहेर कसा जातो यावर व्याख्यानं देत होते, ती त्यांनी ऐकली. मग 1876 चा दुष्काळ पडला. तो दोन वर्षं हटला नाही. फडके वेष बदलून गावोगाव फिरले, उपाशी माणसं बघितली. इकडे सरकारी वसुली चालूच होती.

मधल्या काळात तयारी सुरू झाली होती. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा, तलवार, कुस्ती शिकले. जोतीराव फुलेही याच वस्तादांकडे शिकलेले. फडक्यांनी बायकोला, गोपिकाबाईंनाही घोड्यावर बसायला आणि हत्यार धरायला शिकवलं. त्या काळात पुण्यातल्या ब्राह्मणाच्या घरात हे घडणं म्हणजे केवढी गोष्ट! वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या सोबत शाळा काढायच्या कामातही ते होते. तीच संस्था पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली.

आता हत्यारांचं बघू. तलवार शिकायला तालीम होती, पण बंदूक कुठून आणायची? 1857 नंतर सरकारने लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली होती. 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा झाला. गोऱ्यांना परवान्याची सक्ती नव्हती. म्हणजे फडक्यांनी बंड उभारायच्या आदल्याच वर्षी बाजारातून उघडपणे हत्यार घ्यायचा रस्ता बंद झाला. राहिलं काय, तर गावात कोणाच्या माळ्यावर लपवलेली जुनी बंदूक किंवा चोरून मिळेल ते.

ती जुनी बंदूक कशी असायची? एक तोड्याची. हिला पेटती वात लागायची, आणि पावसात वात विझली की हातात नुसती काठी. दुसरी ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायचं, मग टोपी चढवून चाप ओढायचा. सराव झालेला गडी मिनिटाला दोन-तीन बार काढणार. एक फायदा मात्र होता. गावचा लोहार ती दुरुस्त करू शकायचा, दारू आणि शिसं कसंही मिळवता यायचं. खिशात पैसा नसलेल्याला परवडणारी बंदूक हीच.

समोर काय होतं? पलटणीकडे स्नायडर रायफल. मागून झडप उघडायची, तयार काडतूस सारायचं, झडप लावायची आणि चाप ओढायचा. मिनिटाला दहाच्या आसपास गोळ्या, त्याही लांबवर. गोऱ्या पलटणींना तर त्याहून नवी मार्टिनी-हेन्री मिळू लागली होती. गंमत म्हणजे स्नायडर ही इंग्रजांनी काटकसर करून बनवलेली रायफल. 1853 सालच्या ठासणीच्या एनफिल्ड त्यांच्याकडे ढिगाने पडून होत्या. नव्या घेण्यापेक्षा जुन्यांचंच बूड कापून तिथं मागून काडतूस भरायची सोय बसवली, आणि 1866 पासून ती फौजेत आली. साम्राज्यसुद्धा पैसा बघूनच बंदूक घेत होतं. फरक एवढाच की त्यांच्या मागे कारखाना होता, काडतुसाचा पुरवठा होता. समजा फडक्यांच्या हाती एखादी स्नायडर लागली असती, तरी काडतुसं संपल्यावर तिचं काय करायचं? ठासणीच्या बंदुकीसारखी ती कुठल्याही दारूगोळ्यावर चालणारी नव्हती.

म्हणून आधी पैसा. फडके पुण्यातल्या श्रीमंत, शिकलेल्या लोकांकडे गेले. कोणी दारात उभं केलं नाही, कोणी ऐकून घेतलं आणि गप्प राहिलं. मदत मिळाली ती रामोश्यांकडून. दौलतराव नाईक आणि त्यांची माणसं सोबत आली. ज्यांच्याकडे गमवायला काही नव्हतं तेच पुढे आले, आणि ज्यांच्याकडे पेट्या भरलेल्या होत्या त्यांनी कवाडं लावून घेतली. हे सोबतीही काही फुकट लढणार नव्हते. घरी चूल पेटायची होती.

20 फेब्रुवारी 1879 रोजी पुण्याच्या उत्तरेला लोणीजवळ सुमारे दोनशे माणसं जमली आणि बंड सुरू झालं. विष्णू गद्रे, गोपाळ साठे, गणेश देवधर, गोपाळ हरी कर्वे हे त्यातले साथीदार. पहिला छापा शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर. तिथं सरकारी कराचा पैसा एका सावकाराच्या घरी ठेवलेला असल्याची खबर होती. हाती लागले सुमारे चारशे रुपये.

आता हा हिशेब कारकुनाच्या नजरेने मांडून बघा. इंग्रजी फौजेतल्या देशी शिपायाचा पगार तेव्हा महिना 7 रुपये होता. चारशे रुपये म्हणजे 57 शिपायांचा एका महिन्याचा पगार. दोनशे जणांत वाटले तर डोई दोन रुपये. यात दारू नाही, शिसं नाही, घोड्याचा दाणा नाही. बंदुकीचं तर नावच नको. वर धामारीच्या त्या चारशे रुपयांनी फडक्यांच्या नावापुढे सरकार दरबारी दरोडेखोर हा शिक्का मात्र कायमचा बसला.

पुढचे छापे पडले तरी गणित जुळेना. लुटीतला वाटा घेऊन घरी जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. फडक्यांना यातून शस्त्रं आणि कायमचे शिपाई हवे होते, बरोबरच्यांना आजची भाकरी. दोघांचंही चुकत नव्हतं. दुष्काळ नुकताच सरलेला होता.

मे महिन्यात एकदा मात्र मोठा डाव लागला. 10 आणि 11 तारखेला दौलतराव नाईकांच्या टोळीने कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली लुटली. पळस्पे म्हणजे शिरढोणच्या अगदी शेजारचं. दीड लाखाच्या आसपास ऐवज मिळाला. सात रुपये पगाराने हजार माणसं पावणेदोन वर्षं पोसता आली असती एवढी ही रक्कम. पण घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठलं आणि दौलतराव गोळीला बळी पडले. ज्या पैशावर खरी फौज उभी राहायची, तो फडक्यांच्या कामी आलाच नाही. शिवाय उजवा हात गेला तो वेगळाच.

नंतरचे दिवस फरपटीचे. फडके दक्षिणेत श्रीशैलमला मल्लिकार्जुनाच्या दारी गेले. तिथं आपली हकीकत लिहून काढली. पुढे हेच कागद पोलिसांच्या हाती पडले आणि खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा झाले. निजामाच्या मुलखात जाऊन सुमारे पाचशे रोहिले उभे करायची बोलणी केली. रोहिले म्हणजे पगारी लढवय्ये. तिथंही शेवटी पैशाचाच प्रश्न. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्याला इनाम लावलं, तर त्यांनी उलट मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड टेंपल याच्या डोक्यावर इनाम लावलं. ते द्यायला पैसे कुठे होते, हा भाग निराळा. पण या जाहीरनाम्याची चर्चा लंडनच्या वर्तमानपत्रांपर्यंत गेली.

जुलै 1879 मध्ये देवर नावदगी गावच्या देवळात तापाने फणफणलेले, दमून झोपलेले फडके मेजर डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक यांच्या हाती सापडले. खटला पुण्यात चालला. वकील म्हणून सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, उभे राहिले. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची.

अंदमानात न पाठवता 1880 मध्ये त्यांना एडनच्या तुरुंगात नेलं. तिथं कोठडीचं दार बिजागरीतून उखडून ते बाहेर पडले, पण परका मुलूख, परकी भाषा, परत पकडले गेले. अन्न सोडलं. 17 फेब्रुवारी 1883 रोजी प्राण गेला. वय 37. त्यांचे वस्ताद लहुजी दोन वर्षं आधी, 1881 मध्ये याच तारखेला गेले होते.